दुप्पट झालं की उठायचं

“मॅडम, तुमचं जेवण झालं का?”

समोरच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा मी हातातल्या प्लॅस्टिकच्या चिप्स एकावर एक रचत होते. मी मान वर केली नाही. “नंतर,” एवढंच म्हणाले. टेबलावरच्या इतरांना वाटलं असणार, म्हातारा रंगेल दिसतोय, बाई दिसली की बोलायला बघतोय. रोज खेळायला येणारे बेळगावचे हुद्दार तर माझ्याकडे बघून गालात हसलेसुद्धा.

तो म्हातारा माझा बाप होता.

पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर, फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी दोन वाजता, माझा बाप माझ्यासमोर येऊन बसला होता आणि मला मॅडम म्हणत होता. दिनकर चौगुले, गडहिंग्लज डेपोचे रिटायर्ड कंडक्टर. अंगात दोन खिशांचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेन. समोर दहा हजारांच्या चिप्स. मला असा राग आला होता म्हणून सांगू! आणि तो राग दाखवायचीही सोय नव्हती, कारण टेबलावर आमची ओळख नाही, हे मीच त्यांना बजावलं होतं. एकाच घरातले दोघं एका टेबलावर दिसले की कॅसिनोवाल्यांना संशय येतो, दोघं मिळून तिसऱ्याला लुटतायत असा. माझी तर रोजीरोटी तिथली. “वर यायचं तर या, लांबून बघा, पण माझ्या टेबलावर यायचं नाही,” असं मी त्यांना सकाळी स्पष्ट सांगितलं होतं. ऐकतील तर आप्पा कसले.

मी तेव्हा तीन वर्षं पोकरवर जगत होते. पुण्यातली नोकरी सोडून पणजीला एक खोली घेतली होती. आई गेली त्याच वर्षी हे सगळं झालं. नातेवाइकांत माझ्याबद्दल काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं आणि त्याची मी पर्वा करत नव्हते. जुगारी नव्हते मी. जुगारी माणसं लाख-लाख घेऊन बसतात. मी कमीत कमी घेऊन बसायचे. टेबलाचा नियम दहा हजारांचा, तर माझे बरोबर दहा हजार, वर एक रुपया नाही.

हे लोकांना विचित्र वाटतं, पण यात खरा शहाणपणा आहे. समोर लाखाचा ढीग असलेला माणूस तुम्हाला चार फेऱ्या खेळवतो, दबाव आणतो, घाबरवतो. पण माझ्याकडे आहेतच मुळी दहा हजार. मी तास तास आलेली पानं न खेळता टाकून देत बसायचे. चांगली पानं आली की एका झटक्यात सगळे पुढे सारायचे. मग समोरचा कितीही हुशार असो, त्याला दोनच शब्द उरतात, हो किंवा नाही. त्याचं कसब माझ्यापुढं फुकट जातं. आणि दुप्पट झालं की उठायचं. लगेच. कारण वीस हजार झाले की तुम्हीही घाबरवण्याजोगे ठरता. उठायचं, जास्तीचे खिशात घालायचे आणि दुसऱ्या टेबलावर परत दहाच हजार घेऊन बसायचं. नियमित येणाऱ्यांना मी आवडायचे नाही. हुद्दार मला तोंडावर म्हणायचे, “तुमचं म्हणजे ओ, लग्नात येणार, जेवणार आणि आहेर न देता जाणार.” मी हसायचे. महिनाअखेर माझे पैसे सुटायचे, त्यांचे नाही.

आप्पा शुक्रवारी दुपारी न सांगता आले. मी बोटीवर. घरमालकिणीनं त्यांना खोली उघडून दिली. मी रात्री आले तर आप्पांनी भांडी घासून ठेवलेली, गॅसची शेगडी चकाचक.

“कशाला आलात? फोन तरी करायचा.”

“आलो की सहज. गाडी दिसली, बसलो.” आयुष्यभर एसटीत काढलेल्या माणसाला आंबोलीचा घाट म्हणजे अंगण. “तू काय करतीस ते बघावं म्हटलं. लोक इचारत्यात मला. मला सांगता यायला पायजे.”

मग मी त्यांना समजावून सांगितलं. पत्ते त्यांना नवे नव्हते. वस्तीच्या गाडीला मुक्काम पडला की डेपोच्या रेस्टरूममध्ये ड्रायव्हर-कंडक्टरांची तीन पत्ती चालायची, चार-आठ आण्यांची. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर वस्तीला गेले होते तेव्हा त्यांनी मला मांडीवर बसवून पानं धरायला शिकवली होती. त्यामुळे भराभर कळत गेलं. फक्त एका ठिकाणी अडले.

“कलर सिक्वेन्सच्या वर? ते कसं काय? सिक्वेन्स मोठा.”

“तीन पत्तीत. इथं उलटं. पाच पानं एका रंगाची आली की ती सिक्वेन्सला मारतात. नीट लक्षात ठेवा.”

“आरं तिच्या! सगळं उलटंच हाय तुझ्या गावात.” त्यांनी खिशातली छोटी वही काढून काहीतरी खरडलं. ती वही कंडक्टर असल्यापासूनची सवय. सुट्टे कुणाचे राहिले, फाटकी नोट कुणी दिली, सगळं त्यात. “आणि कमीत कमी किती घेऊन बसायचं म्हणालीस?”

“दहा हजार.”

“आणि उठायचं कधी?”

“दुप्पट झालं की.”

“आणि न्हाईच झालं तर?”

“तर सगळे जाईपर्यंत बसायचं. मधेच उठायचं नाही. दुपारी बसले तर कधी संध्याकाळ होते, कधी रात्र. काही सांगता येत नाही.”

“म्हंजे तू कधी मोकळी व्हशील ते तुलाच म्हाईत न्हाई.”

“असंच असतं हे, आप्पा.”

सकाळी जाग आली तेव्हा खोलीभर खरपूस वास सुटला होता. आप्पा भाकरी थापत होते. मी अंथरुणातून बघतच राहिले. आई असताना या माणसानं कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं.

“शिकलो,” ते पाठमोरेच म्हणाले. “वांगी पण भरतो आता. तुझ्या आईचीच रीत. शेंगदाण्याचा कूट घरनं आणलाय. दुपारी जेवू दोघं. किती वाजता येशील?”

शनिवार होता. शनिवारी दुपारी बोटीवर दिल्ली-हैदराबादचे पर्यटक असतात, आदल्या रात्रीची न उतरलेले. आमच्या धंद्यात ती सुगी.

“दुप्पट झालं की उठते. लगेच येते, मग जेवू.”

“शब्द?”

“शब्द.”

“सव्वापाचची गाडी हाय माझी.”

“अहो, तोवर होईल की! रोज होतंच.”

त्यांनी वांग्याचा आणि भाकरीचा तीन पुडाचा डबा भरला आणि माझ्याबरोबर जेटीवर आले. डबा घेऊन आत जाता येत नाही, तो काउंटरवर ठेवून टोकन घ्यावं लागलं. ते पितळी टोकन आप्पांनी तिकिटाच्या मशीनसारखं जपून वरच्या खिशात ठेवलं. माझ्या ओळखीनं त्यांना आत फुकट सोडलं.

आणि मग दोन वाजता, मी अकराला बसल्यापासून एकही धड पान आलं नसताना, माझे अडीच हजार उगाच झिजून गेल्यावर आणि ते मी भरून परत दहा केल्यावर, समोरची खुर्ची रिकामी झाली आणि आप्पा येऊन बसले. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. पत्ते वाटणाऱ्या फिलोमिनानं मोजल्या. बरोबर दहा हजार. त्यांची पेन्शन महिना तीन हजार शंभर होती.

मला वाटलं, लागली चटक. डेपोतली खोड डोकं वर काढतेय म्हातारपणी. मी डोळे मोठे केले. ते छताकडे बघत होते.

“मॅडम, तुमचं जेवण झालं का?” ते तेव्हा म्हणाले.

पुढचा पाऊण तास त्यांनी एकही डाव खेळला नाही. पानं यायची, कोपरा उचलून बघायचे, टाकायचे. हुद्दार वैतागले. “काका, बघायला आलाय काय की खेळायला?”

“चांगली गाडी आल्याशिवाय चढत न्हाई मी,” आप्पा म्हणाले. सगळे हसले. मीही हसू दाबलं. तेवढ्यापुरता राग गेला माझा.

एकदा मी पानं टाकली तेव्हा ते मनगटावरचं घड्याळ बघत होते. पावणेतीन झाले होते.

मग मला बदामचा एक्का आणि बदामचा राजा आला. मी हजाराची बोली केली. हुद्दारांनी पानं टाकली, पुढच्या दोघांनीही टाकली. आप्पांनी आपली पानं बघितली, थोडं थांबले आणि हजार पुढं केले. फिलोमिनानं टेबलाच्या मध्यावर तीन पानं उघडली; हातातली दोन ज्याची त्याची, मधली सगळ्यांची. बदामची सत्ती, बदामची अठ्ठी, बदामची नव्वी.

पाचही बदाम. तीन वर्षांत असा हात मला फार तर चारदा आला असेल. मी दोन्ही हातांनी चिप्स पुढं सारल्या. सगळ्या.

आप्पांनी टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढं सरळ त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदाच बघितलं. मी मनात म्हणत होते, आप्पा, टाका. मी उगाच सगळे सारत नाही, कालच सांगितलंय तुम्हाला. टाका ती पानं.

“चला,” आप्पा म्हणाले आणि आपल्या सगळ्या चिप्स पुढं केल्या. पानं उलटी केली. किलवरचा गुलाम, चौकटची दश्शी. “सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. सिक्वेन्स!” असं म्हणून त्यांनी ढिगाकडं हातसुद्धा नेला.

मी माझी पानं दाखवली. त्यांना वाचवेल असं एकही पान गड्डीत नव्हतं. मधली उरलेली दोन पानं उघडली ती कुणी बघितलीही नाहीत. फिलोमिनानं ढीग माझ्याकडे लोटला.

“असं कसं? सिक्वेन्स मोठा न्हवं?” आप्पा म्हणाले.

टेबल खो खो हसत सुटलं. “ओ काका, ही तीन पत्ती न्हवे!” हुद्दार डोळे पुसत म्हणाले. “इथं कलर वर! शिकून तरी यायचं की ओ!”

“हात्तिच्या,” आप्पा म्हणाले. उठले, खुर्ची नीट आत सारली, जशी कुणी सारत नाही तिथं. “चुकलंच म्हणायचं. बरं मॅडम, तुमचं दुप्पट झालं वाटतं.”

मी चिप्स ट्रेत भरून त्यांच्या मागोमाग बाहेर डेकवर आले आणि तोंड सोडलं.

“काय केलंत हे? काल रात्री बारा वेळा सांगितलं ना! लिहूनसुद्धा घेतलंत! दहा हजार, आप्पा! तीन महिन्यांची पेन्शन! आणि वर त्या लोकांनी हसून घेतलं ते वेगळंच. कप्पाळ माझं!”

“विसरलो गं. वय झालं.” ते हसत होते. खिशातून टोकन काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. “जाऊ दे ते. चल, तीन वाजल्यात. दोन तास हाइत आपल्याकडं. त्या जेटीपल्याड झाडं हाइत, बाकडी हाइत, मी बघून ठेवलंय. भाकरी गार झाली असंल, पण वांगी गारच बरी लागत्यात.”

मी त्यांच्याबरोबर चार पावलं चालले. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, की चार पावलं मी चालले होते.

तेवढ्यात टेबलं सांभाळणारा मॅनेजर दारातून डोकावला. “कांचन, चार नंबरवर जागा झालीय. हैदराबादवाला आहे, पूर्ण टाइट. पानं न बघता पैसे टाकतोय. तुझ्यासाठी दोन मिनिटं धरतो.”

शनिवारची सुगी म्हणजे काय ते हेच. मी थांबले.

“आप्पा, अर्धा तास. अशी जागा महिन्यातून एकदा मिळते. तुमचे दहा हजार याच्याकडून काढते की नाही बघा. नाहीतर थांबा, आत्ताच देते तुम्हाला, हे काय, माझ्याकडेच तर आहेत.” मी ट्रेतल्या चिप्स काढायला लागले.

“नको, नको. जिंकलेलं परत देतात व्हय?” त्यांनी माझा हात मागं सारला. टोकन अजून दुसऱ्या हातात तसंच होतं. “दुप्पट झालं की उठतीस म्हणाली व्हतीस.”

आणि मी म्हणाले, “उठलेच की! त्या टेबलावरून उठले.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. सुट्ट्यांवरून वाद घालणाऱ्या पॅसेंजरचं बरोबर निघालं की ते अशी मान हलवायचे.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “नियम म्हंजे नियम. जा तू. जागा जाईल.”

“आत जेवण आहे, खाऊन घ्या पोटभर. मी आलेच.”

“व्हय, व्हय. जा.”

चार नंबरवर मी परत दहा हजार घेऊन बसले. अर्ध्या तासाचा एक तास झाला, एकाचे तीन. हैदराबादवाल्याकडून मी सहा वाजता दुप्पट केले. एका दिवसात दोनदा दुप्पट. त्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला दिवस. उठले तेव्हा घड्याळ बघितलं. सव्वापाचची गाडी केव्हाच गेली होती.

जेटीच्या काउंटरवरच्या मुलीनं मला हाक मारली. “तुजो डबो आसा. म्हाताऱ्यान टोकन तुज्याखातीर दवरलां.” आप्पा टोकन माझ्यासाठी तिच्याकडे ठेवून गेले होते. डबा घट्ट बंद होता. मी तिथंच उघडला. चार भाकरी, चारही तशाच. वांग्यांना उन्हानं आंबूस वास सुटला होता. बाजूला कांदा, न फोडलेला. तो बुक्कीनं फोडायचा, सुरीनं नाही, हे आमच्या घरचं.

घरी पोचल्यावर आप्पांनी फोन केला. “पोचलो बघ. जेवलीस का?”

“हो,” मी म्हणाले. “छान झाली होती वांगी.”

“मीठ?”

“बरोबर होतं.”

“मग झालं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खुलला, की खरं सांगायचं धाडस मला पुन्हा कधीच झालं नाही.

त्यानंतर ते पणजीला आले नाहीत. मी गडहिंग्लजला जाईन जाईन म्हणत राहिले. आषाढात एका सकाळी डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता आप्पा बाकावर कलंडले ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मी टेबलावर होते. माझ्यापुढं साडेसात हजार होते. त्या दिवशी मात्र मी मधेच उठले.

दिवसकार्य झाल्यावर घर आवरताना खुंटीवरची त्यांची कंडक्टरची चामडी बॅग काढली. आत तिकिटांचा पंच, शिट्टी आणि ती छोटी वही. सुट्टे, फाटक्या नोटा, दूधवाला. मधल्या एका पानावर शुक्रवारची तारीख. अक्षर गिचमिड, पण मला वाचता येतं. बदाम, किलवर नीट चित्रं काढून लिहिलं होतं:

“कलर मोठा. सिक्वेन्स बारका. आपल्या उलट.” आणि त्याखाली पेन दाबून दोन रेघा.

मी जमिनीवर बसले. पाऊण तास ते कसली वाट बघत होते ते मला त्या दोन रेघांनी सांगितलं. नुसतं हरायचं असतं तर कुठल्याही पानांवर हरता आलं असतं. पण मग मला कळलं असतं आणि मी पैसे त्यांच्या अंगावर फेकले असते. चूक वाटावी असं हरायचं, तर तशी पानं यावी लागतात. तीन महिन्यांची पेन्शन समोर मांडून माझा बाप त्या पानांची वाट बघत बसला होता, लोक हसत होते तरी. मी ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या काकू आल्या, पाणी दिलं, वही हातातून काढून घ्यायला बघत होत्या. मी दिली नाही, कारण पान अजून संपलं नव्हतं.

“कमीत कमी १०,०००.

कांचन दुप्पट झाली की उठते.

३ ते ५ जेवण. ५.१५ गाडी.”

आणि अगदी खाली, कोपऱ्यात, जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात:

“घरी चल म्हणायचं नाही. नुसतं जेवायचं.”